दोन घाटांचं जंक्शन

कल्याणच्या फलाटावर गाडीची वाट बघणारी माणसं हजारोंनी असतात, गाडी बघायला आलेली अगदी मोजकी. ही मोजकी माणसं चटकन ओळखू येतात. गाडी शिरली की बाकीचे सगळे पुढे सरसावतात, ही माणसं दोन पावलं मागे होतात. इतरांची नजर दारावर आणि खिडकीवर असते, यांची इंजिनाच्या कपाळावरच्या नंबरावर, वरच्या पेंटोग्राफवर, नाहीतर थेट चाकांवर. गाडी निघून गेली तरी ही माणसं तिथेच असतात.

रविवारी मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आधी फलाटाच्या घाटाकडच्या टोकाला गेलात तर अशी मंडळी हमखास भेटतील. मला भेटलेल्यांत एक निवृत्त मोटरमन होते, उल्हासनगरहून येणारा डिप्लोमाचा विद्यार्थी होता आणि नातीला घेऊन येणाऱ्या एक आजी होत्या. नात तिसरीत. तिच्या वहीत रोज सुटणाऱ्या गाड्यांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे तिने एक तर ‘कर्जत’ लिहिलं होतं किंवा ‘कसारा’. कल्याणचं अख्खं गणित त्या दोन शब्दांत आहे. मुंबईहून निघालेली लांबची गाडी इथे आली की तिला दोनच वाटा असतात. डावीकडे वळली तर कसारा, थळ घाट, इगतपुरी, नाशिक आणि पुढे भुसावळ, नागपूर, दिल्ली, कोलकाता. उजवीकडे वळली तर कर्जत, बोर घाट, लोणावळा, पुणे आणि पुढे सोलापूर, कोल्हापूर, बंगळुरू, चेन्नई. पंजाब मेल डावीकडे, डेक्कन क्वीन उजवीकडे. विदर्भ, सेवाग्राम, देवगिरी डावीकडे. महालक्ष्मी, कोयना, सिद्धेश्वर उजवीकडे.

लोकलच्या पाट्यांवरही हीच विभागणी दिसते. कसारा लोकलवर ‘एन’, कर्जत लोकलवर ‘एस’. रोज या लोकलने जाणाऱ्यांना ही अक्षरं इतकी अंगवळणी पडलेली असतात की ती कुठून आली हा प्रश्नच मनात येत नाही. कल्याणपासून एक फाटा ईशान्येला जातो आणि दुसरा आग्नेयेला, म्हणून एकाला ‘नॉर्थ’चं अक्षर आणि दुसऱ्याला ‘साऊथ’चं.

आधी स्टेशन झालं आणि मग फाटे फुटले, असं कल्याणचं झालेलं नाही. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला गेले असता त्यांच्या मनात मुंबई-ठाणे-कल्याण आणि तिथून थळ व बोर घाटांच्या चढापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना आली. सह्याद्री ओलांडल्याशिवाय देशावरचा कापूस बंदरावर येणार नव्हता आणि सह्याद्री ओलांडायच्या जुन्या वाटांपैकी दोन महत्त्वाच्या वाटा या घाटांतून होत्या. म्हणजे पहिली गाडी धावायच्या दहा वर्षं आधीच कल्याणला दोन वाटा फुटणार हे ठरल्यात जमा होतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ती तारीख आपण शाळेत पाठ करतो. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली, ही तारीख कल्याणकरांनाही क्वचितच ठाऊक असते. १८५६ मध्ये एक फाटा खोपोलीपर्यंत गेला. दुसरा १८६१ मध्ये कसाऱ्याला टेकला. मग दोन्हीकडे समोर डोंगर होता.

बोर घाट १८६३ मध्ये खुला झाला, थळ घाट १८६५ मध्ये. त्याआधीची काही वर्षं पुण्याला जाणारा प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. बोर घाटाचं कंत्राट आधी विल्यम फेव्हिएलकडे होतं. त्याने ते सोडल्यावर १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत आजारपणाने वारला. पुढचं काम त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिने अभियंते नेमून तडीला नेलं. हे नाव आता थोडंफार घेतलं जातं, ते चांगलंच आहे. पण या घाटात पटकी, ताप आणि दरडींनी जे मजूर मेले त्यांचा अंदाज इतिहासकार २५ हजारांच्या घरात सांगतात, आणि त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरताना मुलं आनंदाने ओरडतात तेव्हा मला हा आकडा आठवतो. मुलांनी ओरडावंच. मोठ्यांनी हा आकडा विसरू नये.

या दोन्ही घाटांचा चढ आहे सदतीसास एक. ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. रस्त्यावरच्या गाडीला हे काहीच वाटणार नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक चालवायचं म्हटलं की हाच चढ छातीवर येतो. रूळ गुळगुळीत, चाकही गुळगुळीत. दोघांमधली पकड नखाएवढ्या जागेतली. म्हणून घाटात गाडीला मागून ढकलणारी इंजिनं लावावी लागतात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. कर्जतला आणि कसाऱ्याला ती उभीच असतात.

बँकर लागताना बघायला मी कर्जतला गेलो. सगळे प्रवासी वडापावच्या टोपल्यांभोवती गोळा झालेले, आणि फलाटाच्या मागच्या टोकाला, जिथे सहसा कुणी जात नाही, तिथे खरं काम चाललेलं. एकमेकांना जोडलेली इंजिनं अगदी गोगलगायीच्या चालीने मागून येतात. रुळांच्या कडेला उभा असलेला सांधेवाला हातातली झेंडी हलवत त्यांना जवळ बोलावतो. शेवटचे चार-पाच हात उरले की झेंडीचं हलणं आणखी मंद होतं. मग कपलिंग कपलिंगात बसल्याचा एक दणका, जो शेवटच्या डब्यात जाणवतो आणि मधल्या डब्यात पोचेपर्यंत विरून जातो. सांधेवाला वाकून जोड बघतो, हाताने चाचपतो, बाजूला होतो. मागचं इंजिन भोंगा देतं. पुढचं इंजिन इतकं लांब असतं की त्याचं उत्तर वळणापलीकडून आल्यासारखं येतं. दोन्हीकडून होकार झाला की ढकलणं आणि ओढणं एकाच वेळी सुरू होतं. इतकं होऊनही डब्यातल्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नाही. दोन टोकांचे लोको पायलट एकमेकांना दिसत नसताना हे साधतात.

अलीकडे या चित्रात बदल होतो आहे. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी सुरू झाली, तिला दोन्ही टोकांना आपली इंजिनं असतात. त्यामुळे कसाऱ्याला बँकरसाठी थांबायची गरज उरली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्या एकाच दिवशी सुरू झाल्या. एक बोर घाटाने जाते, दुसरी थळ घाटाने, आणि मोटरी डब्यांखालीच वाटून बसवलेल्या असल्यामुळे त्या बँकरशिवाय चढतात. जास्त चाकं ओढायला लागली की पकड वाढते, इतकी साधी गोष्ट. कल्याणच्या फलाटावरून वंदे भारत बघताना तिच्या टोकदार नाकाचंच कौतुक होतं. तिच्या पोटाखाली बघितलं तर घाट जिंकण्याची खरी युक्ती तिथे आहे.

निवृत्त मोटरमनकाका हे सगळं त्या डिप्लोमाच्या मुलाला समजावून सांगत होते. मुलगा मोबाइलवर एका डब्ल्यूएपी-७ इंजिनाचा व्हिडिओ घेत होता. काका म्हणाले, “अरे, ते आधी खाली ठेव. डोळे मीट आणि ऐक. कुठल्या डब्याचं चाक बिघडलंय ते सांग.” मुलाने डोळे मिटले. गाडी जात राहिली. एका डब्याशी ठक्-ठक्-ठक् असा वेगळाच ठोका उमटला आणि पुढे गेला. “काका, मागून तिसरा?” “चौथा. पण कान आहे तुला.”

ब्रेक लागून चाक घसटलं की त्याच्या गोलाईला एक सपाट चट्टा पडतो आणि दर फेरीला तो चट्टा रुळावर आपटतो. हे ऐकू येणं हा काकांचा छंद नव्हता, नोकरी होती. आणि कल्याणच्या टोकाला उभं राहिल्यावर सगळ्यांत आधी उमजतं ते हेच, की गाडी बघणं हे रेल्वेत सक्तीचं काम आहे. लांबची गाडी फलाटात शिरत असते तेव्हा कॅरेज-वॅगन खात्याची माणसं रुळांच्या कडेला उकिडवी बसलेली असतात. प्रत्येक चाक त्यांच्या नजरेसमोरून जातं. धूर येतोय का, काही लोंबतंय का, जळका वास येतोय का, आवाज बरोबर आहे का. न थांबणाऱ्या गाडीलाही स्टेशनातला माणूस बाहेर येऊन हिरवी झेंडी दाखवतो. ती झेंडी म्हणजे ‘मी तुझी गाडी शेवटच्या डब्यापर्यंत बघितली, सगळं ठीक आहे’ असा निरोप असतो. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक समोरच्या सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. पहाटे तीन वाजता, पावसात, हजारो वेळा बघितलेल्या सिग्नलचा रंगसुद्धा. शेवटच्या डब्यातला गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, वळणावर बाहेर वाकून आपली गाडी बघतो. गँगमन आणि चावीवाले रूळ बघत मैलोन्‌मैल चालतात. आपण झोपेत नागपूरला पोचतो ते वाटेत इतक्या जणांनी आपली गाडी डोळ्यांत तेल घालून बघितलेली असते म्हणून.

इंजिनावरची अक्षरं वाचता आली की बघण्यात आणखी रस येतो. पहिलं ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज. पुढचं ‘ए’ म्हणजे ते एसी विजेवर चालणारं. मग ‘पी’ असेल तर प्रवासी गाड्यांसाठी, ‘जी’ असेल तर मालगाड्यांसाठी, ‘एम’ असेल तर दोन्हींसाठी. आज कल्याणला जवळपास सगळीकडे हा ‘ए’ दिसतो. पण ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथे गाड्या बघितल्या आहेत त्यांच्या आठवणीत ‘सी’ आहे, डीसीचा ‘सी’.

मुंबईत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. त्या काळी तेच उत्तम तंत्र होतं. पुढे पाच-सहा वर्षांत तारा पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत गेल्या. ठाकुर्लीजवळ चोळा इथे रेल्वेने स्वतःचं वीज केंद्र उभारलं. दोन्ही घाटांतून कोळशाच्या इंजिनाचा धूर हटला आणि त्याच जोरावर १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. मालगाड्यांसाठी परदेशातून आलेलं एक लांब नाकाचं, मध्ये मुरडणारं इंजिन होतं. जगभर तशा इंजिनांना मगर म्हणत, आपल्याकडच्या रेल्वे कामगारांनी त्याला खेकडा म्हटलं. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करायचं असं जुने लोक सांगतात. त्यातलं एक, ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. १९६१ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यात देशात बनलेलं पहिलं विजेचं इंजिन तयार झालं, तेही डीसीचंच होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘लोकमान्य’.

मग बाकीच्या देशाने २५ हजार व्होल्टची एसी वीज स्वीकारली. व्होल्टेज जास्त म्हणजे त्याच कामाला प्रवाह कमी, म्हणून तार बारीक, वाया जाणारी वीज कमी आणि उपकेंद्रंही लांब लांब चालतात. मुंबई मात्र डीसीचं बेट होऊन राहिली. लांबून आलेल्या गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलावं लागे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ इंजिनं आली. भेल कंपनीने बनवलेली ही ५३ इंजिनं कल्याणच्या लोको शेडची. दोन दशकं मुंबई-पुणे आणि मुंबई-इगतपुरी हा सगळा भार त्यांनी ओढला. जून २०१५ मध्ये मुख्य मार्गावरची शेवटची डीसी तार सीएसएमटीपर्यंत बदलली गेली आणि पुढच्या वर्षी हार्बरवरची. ज्या कामासाठी ही इंजिनं जन्माला आली होती ते कामच संपलं. हा बदल आवश्यक होता. आज लोकल ज्या वेगाने उचलतात तो डीसीवर शक्य नव्हता. पण कल्याणसारख्या गावात, जिथे कित्येक घरांनी तीन-तीन पिढ्या शेडमध्ये काम केलं, तिथे या इंजिनांतलं एक तरी लोकांना हात लावून बघता येईल अशा जागी उभं असायला हवं. नव्वद वर्षांचं तंत्रज्ञान असं गुपचूप भंगारात जाऊ नये.

आता त्या जागेबद्दल, जिथे दोन वाटा फुटतात. पुलावरून बघितलं तर रुळांची जाळी दिसते आणि ती सुंदर दिसते. मुंबईकर या जाळीला शिव्या घालतात, कारण लोकल इथेच रखडते. रखडण्याचं कारण नीट बघितलं की कळतं. आपल्याकडे गाडी डाव्या हाताने चालते. मुंबईहून कर्जतकडे वळणाऱ्या गाडीला कसाऱ्याहून मुंबईकडे येणाऱ्या रुळाला छेदून जावं लागतं. दोन्ही एकाच वेळी आल्या तर एकीला थांबावंच लागणार. त्यात एक लांबची गाडी बारा मिनिटं उशिराने आली की तिच्यासाठी ठरवलेली फट निघून जाते, आणि ती शिरते ती एखाद्या बदलापूर लोकलच्या फटीत. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर दिवसाला सुमारे १८०० फेऱ्या आहेत. त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांची या सांध्यांशी गाठ पडते, आणि वर मालगाड्या. फलाटावर घोषणा होते, “कर्जतकडे जाणारी लोकल काही मिनिटे उशिराने”, आणि लोक केबिनमधल्या माणसाला दोष देतात. एक तास टोकाला उभं राहून बघा. दर मिनिटाला कुणीतरी तिथे निवाडा करत असतं की पहिली कोण.

लांबच्या गाड्या आणि लोकल यांच्या वाटा वेगळ्या करण्यासाठी कल्याण यार्डाच्या फेररचनेचं काम हाती घेतलेलं आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. कल्याण-बदलापूर आणि कल्याण-कसारा मार्गांवर जादा रुळांची कामं आहेत. ही कामं लांबली की त्याची किंमत माणसं मोजतात, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही मृत्युमुखी पडले. ज्यांना आत शिरायला जागा मिळत नाही अशा माणसांच्या स्टेशनात गाडी बघण्याच्या आनंदाबद्दल लिहिताना हे विसरून चालणार नाही. पण मला वाटतं, आपण ही व्यवस्था कधी नीट बघतच नाही, म्हणून आपला रागही मोघम राहतो. घाटकोपरला उतरणारा माणूस ‘रेल्वे’वर चिडतो. ज्याला रुळांचं छेदणं समजलं आहे, तो विचारतो की छेद टाळणारा उड्डाणमार्ग कुठे आहे आणि तो कधी होणार. हा प्रश्न टाळणं अधिकाऱ्यांना अवघड जातं.

बघायच्या जागाही कमी होत चालल्या आहेत. कल्याणच्या डोंबिवलीकडच्या अंगाला पत्री पूल होता, १९१४ सालचा. त्यावरून खाली बघत कल्याणची कितीतरी मुलं इंजिनं ओळखायला शिकली. पूल धोकादायक झाला होता, नोव्हेंबर २०१८ मध्ये तो पाडला आणि जानेवारी २०२१ मध्ये नवा खुला झाला. नवा भक्कम आहे, रुंद आहे, पण वाहनांच्या गर्दीत तिथे मूल घेऊन उभं राहणं जिवावरचं. पादचारी पुलांना उंच पत्रे लागले आहेत. पंचवीस हजार व्होल्टच्या तारा खाली असताना ते लागणं बरोबरच आहे. मग उरतो फलाट. तिथे गर्दीत कुणी नुसतं उभं राहिलं तर पोलिसाला शंका येते आणि प्रवाशाला अडचण होते. याचा परिणाम असा की मुलं रुळांच्या कडेने जाऊन व्हिडिओ काढतात. रूळ ओलांडणं किंवा रेल्वेच्या हद्दीत घुसणं हा गुन्हा आहे, आणि एसी इंजिनाच्या लांब गाडीचा आवाज ती अगदी जवळ आल्यावरच येतो. कल्याण-ठाकुर्लीच्या दरम्यान असे अपघात झालेले आहेत. नुसतं “जाऊ नका” म्हणून ते थांबणार नाहीत. मुलांना जायला जागा द्यावी लागेल.

त्या दिवशी आजींनी मला विचारलं, “अहो, तुम्ही पेपरवाले ना? मग एवढं लिहा. हिला इथे बसून बघायला एक बाक आणि एक जाळी हवी, बाकी काही नको.” त्यांचे यजमान शेडमध्ये फिटर होते. घरात रेल्वे म्हणजे पगार, क्वार्टर, पास आणि रात्रपाळी. नवरा जे दुरुस्त करायचा ते इंजिन धावताना बघायला त्या नात झाल्यावर पहिल्यांदा आल्या, असं त्यांनी सांगितलं. नात मध्येच म्हणाली, “आजी, मालगाडी. कर्जत.” सिग्नलवरचे वाट दाखवणारे पांढरे दिवे तिने आमच्या आधी वाचले होते. मालगाडी खरोखरच उजवीकडे वळली.

आजींनी सांगितलं ते मी लिहितो आहे. कल्याण यार्डाची फेररचना होतेच आहे, तर घाटाकडच्या टोकाला, रुळांपासून सुरक्षित अंतरावर, जाळी लावलेला एक ओटा बांधावा. त्यावर एक फलक असावा: डावीकडची वाट कुठे जाते, उजवीकडची कुठे, घाट कुणी बांधला, त्यात किती माणसं गेली. शेजारी डीसी काळातलं एक इंजिन उभं करावं. मध्य रेल्वेच्या एकूण खर्चात ही रक्कम दिसणारही नाही, आणि स्थानिक आमदार-खासदारांच्या निधीतूनही हे होऊ शकतं. कल्याण-डोंबिवली महापालिकेने मनात आणलं तर शाळांच्या सहली इथे येतील.

तोपर्यंत वाचकांना एक विनंती. फलाटाचं तिकीट दहा रुपयांना मिळतं आणि दोन तास चालतं. गर्दी नसलेल्या एखाद्या सुटीच्या सकाळी घरातल्या मुलांना घेऊन जा, पिवळ्या पट्टीच्या बऱ्याच मागे उभे राहा, आणि रुळांच्या कडेला उकिडवा बसून चाकं बघणारा जो माणूस दिसेल, तो काय करतो आहे हे मुलांना सांगा.